ठिपक्यापासून भूभागापर्यंत: गॅस्प्रा या लघुग्रहाचा इतिहास

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधील विस्तीर्ण अंतराळात लक्षावधी खडकाळ पिंड सूर्याभोवती फिरत असतात आणि त्यांच्या या समूहाला लघुग्रह पट्टा म्हटले जाते. या पट्ट्याच्या सूर्याकडील, म्हणजे आतल्या भागात गॅस्प्रा नावाचा एक पाषाणमय लघुग्रह आहे. त्याचा अनुक्रमांक ९५१ असून लांबी सुमारे १८ किलोमीटर, तर रुंदी आणि जाडी दहा-दहा किलोमीटरच्या आसपास आहे. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर २.२१ खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सव्वादोन पटींच्या जवळपास असून एक प्रदक्षिणा पूर्ण करायला त्याला सुमारे ३.३ वर्षे लागतात. आकाराने, तेजाने किंवा कक्षेच्या वैचित्र्याने लक्ष वेधून घ्यावे असे या पिंडात काहीही नव्हते, आणि शोध लागल्यानंतर तब्बल पाऊणशे वर्षे तो जगातल्या मोठ्यात मोठ्या दुर्बिणींतूनही प्रकाशाचा एक ठिपका म्हणूनच दिसत राहिला. तरीही मानवनिर्मित यानाने जवळून पाहिलेला पहिला लघुग्रह हे स्थान इतिहासात त्यालाच मिळाले. ते त्याला कोणी विचारपूर्वक बहाल केले नव्हते. एक भीषण दुर्घटना, तिच्यामुळे बदललेला मार्ग आणि ऐन वेळी न उघडलेला अँटेना यांतून वाट काढत तो इतिहास घडला, आणि म्हणूनच तो तपशिलात जाऊन पाहण्याजोगा आहे.

या इतिहासाची सुरुवात क्रिमियाच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. काळ्या समुद्राला लागून असलेल्या या चिंचोळ्या पट्टीत, डोंगर आणि पाणी यांच्या मधोमध याल्टा, गॅस्प्रा, मिस्खोर, अलुप्का, सिमेइझ अशी गावे एकापाठोपाठ एक वसलेली असून उबदार हवेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रशियन साम्राज्यातील धनिक, लेखक आणि आजारी माणसे तेथे हवापालटासाठी येत असत. लिओ टॉलस्टॉय १९०१ च्या शरद ऋतूत प्रकृती सुधारण्यासाठी गॅस्प्रा येथील काउंटेस पानिना यांच्या वाड्यात येऊन राहिले, पुढील उन्हाळ्यापर्यंत तेथेच होते, आणि चेखव व गॉर्की त्यांना तेथे येऊन भेटत असत. याच किनाऱ्यावर सिमेइझजवळच्या कोश्का डोंगरावर निकोलाय माल्त्सोव या हौशी खगोलप्रेमी जमीनदाराने स्वखर्चाने एक वेधशाळा उभारली आणि १९०८ मध्ये ती सेंट पीटर्सबर्गजवळील पुलकोवो या साम्राज्याच्या मुख्य वेधशाळेला देऊन टाकली. पुलकोवोच्या उत्तरेकडील आकाशात उन्हाळ्याच्या रात्री जेमतेम काळोख पडतो आणि क्रांतिवृत्ताचा, म्हणजे ज्या पट्ट्यात ग्रह आणि लघुग्रह आढळतात त्याचा, दक्षिणेकडील भाग क्षितिजालगत राहतो. दक्षिणेतल्या या शाखेने ती उणीव भरून काढली आणि थोड्याच वर्षांत सिमेइझ हे लघुग्रहशोधाचे एक महत्त्वाचे केंद्र बनले.

लघुग्रह शोधण्याची पद्धत तोपर्यंत पार बदललेली होती. १८०१ मध्ये जुझेप्पे पियाझी यांनी पालेर्मो येथे सेरेस शोधला तेव्हा आणि त्यानंतरची कित्येक दशके निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावून ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहत असत. १८९१ मध्ये जर्मनीतील मॅक्स वोल्फ यांनी छायाचित्रणाचा मार्ग खुला केला. दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरत ठेवून काचेची छायापट्टी दीर्घकाळ उघडी ठेवली की तारे बिंदूंसारखे उमटतात, मात्र त्यांच्या पार्श्वभूमीवर सरकणारा लघुग्रह त्याच वेळात बारीक रेघ उमटवतो. सिमेइझच्या ग्रिगोरी नेउयमिन यांनी हेच तंत्र अतिशय चिकाटीने वापरले. १९१३ मध्ये त्यांना एक धूमकेतू सापडला, जो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यांच्या नावावर एकंदर सत्तरांहून अधिक लघुग्रह नोंदले गेले. ३० जुलै १९१६ रोजी त्यांना सापडलेला एक क्षीण पिंड पुढे ९५१ या क्रमांकाने नोंदला गेला.

पहिले महायुद्ध तेव्हा भरात होते, रशियन सैन्य गॅलिशियाच्या आघाडीवर ऑस्ट्रिया आणि जर्मनीशी लढत होते, आणि लघुग्रहांच्या कक्षागणिताचे व क्रमांक देण्याचे केंद्र मात्र शत्रूच्या राजधानीत, बर्लिनमध्ये होते. हा संपर्क तुटल्यामुळे सिमेइझच्या निरीक्षकांनी आपल्या शोधांना ग्रीक वर्णमालेतील सिग्मा हे अक्षर जोडून स्वतःचे तात्पुरते क्रमांक दिले, आणि गॅस्प्राचा आरंभीचा उल्लेख अशाच एका युद्धकालीन संकेताने झालेला आढळतो. युद्धाने माणसांमधले सारे व्यवहार थांबवले असताना आकाशातली ही नोंदवही अखंड चालू राहिली, याचे श्रेय या निरीक्षकांना मोकळेपणाने द्यायला हवे. नेउयमिन यांनी आपल्या लघुग्रहाला शेजारच्या गावाचे नाव दिले.

त्यानंतर सात दशके गॅस्प्राविषयी फारसे काही लिहिले गेले नाही, परंतु लघुग्रहांचे शास्त्र मात्र पुढे सरकत होते आणि त्याचे धागे पुढे गॅस्प्रापाशी येऊन मिळणार होते. १९१८ मध्ये जपानी खगोलशास्त्रज्ञ कियोत्सुगु हिरायामा यांनी दाखवून दिले की काही लघुग्रहांच्या कक्षा परस्परांशी इतक्या जुळतात की ते एकाच मोठ्या पिंडाचे तुकडे असले पाहिजेत. अशा समूहांना त्यांनी कुटुंबे म्हटले. पट्ट्याच्या आतल्या भागातील असे एक मोठे कुटुंब १८४७ मध्ये जॉन रसेल हाइंड यांनी लंडनमध्ये शोधलेल्या ८ फ्लोरा या लघुग्रहाच्या नावाने ओळखले जाते आणि गॅस्प्रा त्याचाच सदस्य मानला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रकाशमापनाची साधने सुधारल्यावर ठिपक्याच्या तेजातील नियमित चढउतारांवरून पिंड लांबट आहे आणि तो सुमारे सात तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो, हे गणिताने काढता आले. परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटावरून, म्हणजे त्या प्रकाशात कोणत्या लांबीच्या लहरी कमी-अधिक आहेत हे पाहून, त्याची गणना ‘एस’ वर्गात झाली. या वर्गातील लघुग्रह ऑलिव्हिन आणि पायरोक्सिन यांसारख्या सिलिकेट खनिजांचे, म्हणजे साध्या भाषेत दगडी, असतात.

येथेच एक मोठे कोडे उभे होते. पृथ्वीवर पडणाऱ्या अशनींपैकी, म्हणजे आकाशातून येऊन जमिनीवर पोहोचणाऱ्या दगडांपैकी, बहुसंख्य ‘सामान्य कॉन्ड्राइट’ या प्रकारचे असतात, आणि लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या भागात ‘एस’ वर्गाचे लघुग्रह सर्वाधिक आढळतात. तेव्हा हे दगड त्याच लघुग्रहांचे तुकडे असावेत, हा तर्क सरळ होता, परंतु दोघांचे वर्णपट जुळत नव्हते. लघुग्रहांचा प्रकाश अशनींपेक्षा अधिक तांबूस होता आणि खनिजांच्या खुणा त्यात फिक्या दिसत होत्या. काही अभ्यासकांच्या मते सौरवात, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारे भारित कण, आणि सूक्ष्म उल्कांचा मारा यांमुळे उघड्या पृष्ठभागाचा रंग कालांतराने बदलत असावा आणि या क्रियेला ते अवकाशीय क्षरण म्हणत. इतरांना मात्र हे लघुग्रह मुळातच वेगळ्या द्रव्याचे वाटत होते. दुरून दिसणाऱ्या ठिपक्यावर हा वाद मिटण्यासारखा नव्हता, कारण ठिपक्यात सारा पृष्ठभाग एकत्र मिसळून जातो आणि जुनी माती व नुकताच उघडा पडलेला खडक वेगळे पाहता येत नाहीत.

जवळून पाहण्याची संधी ज्या यानाने दिली ते मुळात लघुग्रहांसाठी बांधलेलेच नव्हते. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे गॅलिलिओ हे यान गुरूभोवती फिरण्यासाठी आणि त्याच्या वातावरणात एक शोधकुपी सोडण्यासाठी तयार झाले होते. मे १९८६ मध्ये ते अंतराळ शटलमधून वर जायचे होते आणि तेथून द्रव हायड्रोजनवर चालणारे सेंटॉर रॉकेट त्याला थेट गुरूकडे ढकलणार होते. त्या वाटेवर २९ अँफिट्राइट या सुमारे दोनशे किलोमीटर व्यासाच्या मोठ्या लघुग्रहाजवळून जाण्याची योजनाही आखली गेली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटल उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले, सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले आणि शटलची सर्व उड्डाणे थांबली. त्यानंतरच्या सुरक्षाविचारात माणसे बसलेल्या वाहनात सेंटॉरसारखे ज्वालाग्राही रॉकेट नेणे अमान्य ठरले. उरलेले घन इंधनाचे रॉकेट गॅलिलिओला गुरूपर्यंत नेण्याइतके समर्थ नव्हते, म्हणून ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत वेग वाढवण्याचा लांबचा मार्ग काढावा लागला. एकदा शुक्राजवळून आणि दोनदा पृथ्वीजवळून जात यानाने गुरू गाठायचा, असे ठरले. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी ॲटलांटिस शटलमधून ते निघाले, १० फेब्रुवारी १९९० रोजी शुक्राजवळून आणि ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीजवळून गेले. पृथ्वीच्या या पहिल्या भेटीनंतर यानाला जी कक्षा मिळाली ती दोन वर्षांची होती आणि तिचे दूरचे टोक लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या भागात पोहोचत होते. त्या टोकाच्या आसपास योग्य वेळी योग्य जागी असलेला पिंड म्हणून गॅस्प्राची निवड झाली. चॅलेंजरची दुर्घटना घडली नसती, तर पहिल्या जवळून पाहिलेल्या लघुग्रहाचे नाव बहुधा अँफिट्राइट असते.

भेटीला साडेसहा महिने उरले असताना दुसरे संकट आले. गॅलिलिओचा मुख्य अँटेना ४.८ मीटर व्यासाचा होता. सोन्याचा मुलामा दिलेल्या मॉलिब्डेनम तारांची जाळी १८ कण्यांवर ताणलेली असून तो छत्रीसारखा मिटवून ठेवता येत असे. सूर्याजवळच्या प्रवासात उष्णतेपासून बचाव व्हावा म्हणून तो मिटलेलाच ठेवला होता. ११ एप्रिल १९९१ रोजी उघडण्याची आज्ञा दिल्यावर मोटारी फिरल्या, पण सर्व कणे सुटले नाहीत आणि छत्री अर्धवट, वाकडी उघडून अडली. मिळालेल्या संकेतांवरून अभियंत्यांनी असा निष्कर्ष काढला की काही कण्यांच्या खुंट्या मधल्या खांबाला चिकटून राहिल्या असाव्यात. उड्डाण लांबल्यामुळे यानाच्या कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांदरम्यान ट्रकमधून ज्या खेपा झाल्या, त्यांतील धक्क्यांनी या खुंट्यांवरचे कोरडे वंगण झिजले असावे, हे स्पष्टीकरण सर्वाधिक मानले गेले. चॅलेंजरमुळे आलेल्या विलंबाचा हा आणखी एक परिणाम होता. यान सूर्याकडे वळवून तापवणे, सावलीत ठेवून थंड करणे असे उपाय पुढे महिनोन्‌महिने चालले, परंतु तो अँटेना कधीच उघडला नाही.

या नादुरुस्तीचा अर्थ आकड्यांत पाहिल्याशिवाय गॅस्प्राच्या भेटीचे मोल लक्षात येत नाही. मुख्य अँटेना सेकंदाला १,३४,००० बिट माहिती पाठवू शकला असता. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच माहिती सांगणारे सर्वांत लहान एकक. उरलेला छोटा अँटेना गॅस्प्राच्या अंतरावरून सेकंदाला फक्त ४० बिट पाठवत होता. गॅलिलिओच्या कॅमेऱ्याचे एक चित्र ८०० ओळींचे आणि प्रत्येक ओळीत ८०० चित्रबिंदू असलेले होते व प्रत्येक बिंदूसाठी आठ बिट लागत, म्हणजे एका चित्राला एक्कावन्न लाखांहून अधिक बिट. मुख्य अँटेनाने हे काम चाळीस सेकंदांच्या आत उरकले असते, तर छोट्याला त्यासाठी साडेपस्तीस तास लागणार होते.

त्यातून पहिली अडचण भेटीच्या आधीच उभी राहिली. जमिनीवरील वेधांनी गॅस्प्राची कक्षा कितीही काटेकोर काढली, तरी नेमका त्याच्या अंगावर कॅमेरा रोखण्याइतकी अचूकता त्यात नव्हती. यानाने स्वतः दुरून लघुग्रहाची चित्रे घ्यायची आणि त्यातील ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा ठरवायची, ही नेहमीची पद्धत होती. परंतु प्रत्येक चित्र पोहोचायला दीड दिवस लागत असताना अशी डझनावारी चित्रे मागवणे शक्य नव्हते. तेव्हा मार्गदर्शन करणाऱ्या चमूने एकाच चौकटीचा पडदा उघडा ठेवून कॅमेरा ठरावीक रीतीने हलवला, ज्यामुळे तारे आणि लघुग्रह यांच्या अनेक नोंदी एकाच चित्रात उमटल्या, आणि त्या चित्राचेही केवळ गरजेचे भाग पृथ्वीवर मागवले. अशी मोजकी चार चित्रे त्यांना पुरली. साधनांच्या टंचाईत बुद्धीने काढलेली अशी वाट अवकाश संशोधनाच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी इतकी स्पष्ट दिसते.

२९ ऑक्टोबर १९९१ रोजी गॅलिलिओ गॅस्प्रापासून सुमारे १,६०० किलोमीटरवरून, सेकंदाला आठ किलोमीटर इतक्या सापेक्ष वेगाने निघून गेले. संदेश पृथ्वीवर पोहोचायला प्रकाशाच्या वेगानेही वीस मिनिटांहून अधिक लागत असल्याने सर्व हालचाली आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवल्या होत्या. लघुग्रह नक्की कोणत्या चौकटीत सापडेल याची खात्री नसल्याने कॅमेऱ्याने आकाशाचा तो तुकडा शेजारशेजारच्या चौकटींनी झाकून काढला आणि सारी माहिती यानावरील फीतयंत्रावर मुद्रित झाली. एकंदर ५७ चित्रे घेतली गेली. त्यांतील पहिली, भेटीच्या सुमारे अर्धा तास आधी १६,२०० किलोमीटरवरून घेतलेली, नोव्हेंबर १९९१ मध्ये चाळीस-चाळीस बिटांनी पृथ्वीवर उतरली. उरलेल्या माहितीसाठी वर्षभर थांबावे लागले. यान पृथ्वीच्या दुसऱ्या भेटीसाठी परत येत होते, अंतर घटत गेले तसा छोट्या अँटेनाचा वेगही वाढत गेला, आणि नोव्हेंबर १९९२ पर्यंत फीत रिकामी करता आली.

सर्वांत तपशीलवार दृश्य निकटतम क्षणाच्या सुमारे दहा मिनिटे आधी, ५,३०० किलोमीटरवरून घेतलेल्या दोन चौकटी जोडून तयार झाले आणि त्यात ५४ मीटरांपर्यंतचे तपशील वेगळे ओळखता आले. वाकडातिकडा, एका टोकाला निमुळता झालेला एक खडक, ज्याच्या बाजू जणू काही मोठे टवके उडून सपाट झाल्या आहेत, असे त्याचे रूप दिसले. १०० ते ५०० मीटर व्यासाची सहाशेहून अधिक विवरे, म्हणजे आघातांनी पडलेले खड्डे, एवढ्याशा प्रकाशित भागात मोजता आली. मंगळाचे चंद्र आकाराने गॅस्प्राच्या तोडीचे असूनही त्यांवर लहान विवरांचे प्रमाण इतके जास्त नव्हते. विवरांच्या मधून १०० ते ३०० मीटर रुंदीच्या आणि काही दशक मीटर खोलीच्या चरांच्या रांगा गेलेल्या होत्या. असे चर त्यापूर्वी फक्त मंगळाच्या फोबोस या चंद्रावर पाहिले गेले होते आणि ते खडकाच्या आत खोलवर गेलेल्या भेगांच्या खुणा मानले जातात. अनियमित आकार आणि हे चर यांनी मिळून एकच गोष्ट सांगितली, की गॅस्प्रा हा एका मोठ्या पिंडाचा प्रचंड टकरीत उडालेला तुकडा आहे. हिरायामांनी केवळ कक्षांच्या आकड्यांवरून जे अनुमान केले होते, त्याला आता दगडाचाच पुरावा मिळाला.

विवरांच्या संख्येवरून वयाचा अंदाज करता येतो, कारण पृष्ठभाग जितका काळ उघडा राहील तितके आघात त्यावर साठत जातात. गॅस्प्राच्या पृष्ठभागाचे वय या पद्धतीने सुमारे वीस कोटी वर्षे आले. साडेचारशे कोटी वर्षांच्या सूर्यमालेत हे वय कोवळेच म्हणायला हवे. रंगांच्या चित्रांत फरक अतिशय सूक्ष्म होते, पण ते अर्थपूर्ण होते. कड्यांवर आणि काही ताज्या विवरांच्या काठांवर पृष्ठभाग किंचित निळसर आणि खनिजांची खूण अधिक ठळक, तर सखल भागांत किंचित तांबूस दिसला. उंचावरची सैल माती उतारावरून घसरत खाली साचते आणि कड्यांवर तुलनेने नवा खडक उघडा पडतो, असे मानले तर अवकाशीय क्षरणाच्या मताला यातून बळ मिळत होते, मात्र निर्णायक पुरावा म्हणावा इतके हे फरक मोठे नव्हते. यानाच्या चुंबकमापकाने लघुग्रहाजवळून जाताना सौरवातातील चुंबकीय क्षेत्राची दिशा बदललेली नोंदवली आणि गॅस्प्राला स्वतःचे चुंबकत्व असावे असा प्रस्ताव त्यावरून मांडला गेला, परंतु त्या नोंदीच्या अर्थाविषयी मतभेद राहिले. वस्तुमान मात्र मोजता आले नाही, कारण इतक्या लहान पिंडाच्या ओढीने वेगवान यानाच्या मार्गात मोजण्याजोगा फरक पडत नाही, आणि वस्तुमान नाही म्हणून घनताही नाही.

भूभाग दिसल्यावर त्याला नावे देणे भाग होते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने गावाच्या मूळ ओळखीला अनुसरून विवरांसाठी जगभरच्या आरोग्यस्थानांची आणि औषधी झऱ्यांच्या गावांची नावे निवडली. इंग्लंडचे बाथ, जर्मनीचे बाडेन-बाडेन, जपानचे बेप्पू, न्यूझीलंडचे रोटोरुआ आणि आयर्लंडचे लिस्डूनवार्ना या यादीत आहेत, आणि त्यांच्या सोबतीला हिमाचल प्रदेशातील पार्वती नदीच्या खोऱ्यातले, उकळत्या झऱ्यांसाठी आणि तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असलेले मणिकरणही आहे. याल्टा, अलुप्का, मिस्खोर या क्रिमियातील शेजारगावांनाही तेथे जागा मिळाली. मोठ्या प्रदेशांपैकी एकाला नेउयमिन यांचे, तर इतर दोघांना गॅलिलिओ मोहिमेच्या उभारणीत वाटा असलेल्या येट्स आणि डन यांची नावे देण्यात आली.

गॅस्प्राच्या वेळी कमावलेला अनुभव गॅलिलिओच्या चमूला लगेच उपयोगी पडला. २८ ऑगस्ट १९९३ रोजी यान २४३ इडा या दुसऱ्या लघुग्रहाजवळून गेले. तेव्हा प्रत्येक चौकटीच्या काही मोजक्याच ओळी आधी मागवून लघुग्रह कोठे आहे हे शोधले गेले आणि अशाच चित्रांच्या तपासणीत फेब्रुवारी १९९४ मध्ये इडाचा छोटा चंद्र डॅक्टिल सापडला. त्याच्या गतीमुळे गॅस्प्राच्या बाबतीत हुकलेली गोष्ट, म्हणजे वस्तुमान आणि घनता यांचा अंदाज, इडाच्या बाबतीत साधता आली. इडावरील रंगांचे फरक गॅस्प्रापेक्षा ठळक होते आणि ताज्या विवरांचा प्रकाश सामान्य कॉन्ड्राइटच्या दिशेने झुकलेला दिसला. वादाचा निकाल लागायला मात्र जपानचे हायाबुसा हे यान ‘एस’ वर्गातील इटोकावा या चिमुकल्या लघुग्रहावरून २०१० मध्ये धुळीचे कण घेऊन परत यावे लागले. प्रयोगशाळेत ते कण सामान्य कॉन्ड्राइटच्या द्रव्याचेच ठरले आणि त्यांच्या पृष्ठभागावर क्षरणातून तयार झालेले लोहाचे अतिसूक्ष्म कण आढळले. गॅस्प्राच्या कड्यांवर दिसलेल्या त्या पुसट निळसर छटेचे स्पष्टीकरण आज याच क्रियेने दिले जाते. गॅस्प्राकडे त्यानंतर दुसरे कोणतेही यान गेलेले नाही, आणि त्याच्या पृष्ठभागाविषयी जवळून जे काही ज्ञात आहे ते सारे त्या ५७ चित्रांतून आणि त्याच भेटीतील इतर मोजमापांतून आलेले आहे.